सरांची मूळव्याध आणि माझी राहून गेलेली तपासणी

“तोच त्रास आहे, पेडणेकर,” सर म्हणाले आणि मी पेन उचललं.

केसपेपरवर तारीख टाकली, तिच्याखाली ‘रिपीट ऑल’ लिहिलं. म्हणजे मागच्या वेळची औषधं तशीच चालू. पोट साफ व्हायची पावडर, एक मलम, पंधरा दिवसांच्या गोळ्या. सर “बरं” म्हणाले, मी “पाणी जास्त प्या सर” म्हणाले. सगळं मिळून दोन मिनिटं. वर्षभरातली ही आमची पाचवी भेट होती आणि एकमेकांची नजर चुकवण्यात आम्ही दोघंही चांगलेच तयार झालो होतो.

मी घाटकोपरला गेली पंचवीस वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. सर्दी-खोकल्यापासून सुनेच्या तक्रारीपर्यंत सगळं माझ्याकडे येतं. बोर्डावर लग्नानंतरचं आडनाव आहे, पण तांबे सरांच्या हजेरीपटात मी अजून पेडणेकरच. त्यांनी मला आठवी ते दहावी गणित शिकवलं. उत्तर मला आधी दिसायचं आणि मी ते थेट लिहून मोकळी व्हायचे. सर लाल पेनाने त्या उत्तरावर गोल करायचे आणि बाजूला लिहायचे, ‘स्टेप्स?’ पाच मार्कांच्या गणिताला एक मार्क. मी भांडायला गेले की म्हणायचे, “उत्तर बरोबर आहे, पण ते तुझं आहे कशावरून?”

आता या माणसासमोर डॉक्टर म्हणून बसायचं म्हणजे माझी पंचाईतच होती. सर क्लिनिकमध्ये आले की मी आपोआप उभी राहायचे. समोरचा पेशंट बीपीचा पट्टा दंडाला बांधलेल्या अवस्थेत बघत राहायचा, मॅडमना झालं काय. एकदा तर एक आजोबाही माझ्याबरोबर उभे राहिले, कुणी मोठा माणूस आला असेल म्हणून.

तर वर्षापूर्वी सर पहिल्यांदा ‘त्या’ कारणासाठी आले तेव्हा खुर्चीच्या अगदी कडेला बसले. पाच मिनिटं शाळेच्या पडलेल्या पटसंख्येवर बोलले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, “थोडी मूळव्याध आहे मला. रक्त जातं अधूनमधून.”

मी विचारलं, “दुखतं का सर?”

“नाही.”

“बरं,” मी म्हणाले आणि केसपेपरवर लिहिलं, पाइल्स. त्याखाली लिहिलं, ‘पीआर डिफर्ड’.

हे जरा सांगायला हवं. पीआर म्हणजे गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी. हातमोजा घालायचा, बोटाला जेली लावायची आणि आत गाठ, जखम, रक्त काही आहे का ते बघायचं. अर्धं मिनिट लागतं. त्याला ना मशीन लागतं ना वीज. आणि डिफर्ड म्हणजे ‘आज नाही, पुढे करू’. पण डॉक्टरांच्या भाषेत त्याचा खरा अर्थ ‘केलं नाही आणि का ते विचारू नका’ असा आहे. तो शब्द लिहिला की कागद रीतसर दिसतो आणि आपण सुटल्यासारखं वाटतं.

म्हणजे रोगाचं निदान सरांनीच केलं होतं. मी फक्त अक्षर वाईट काढून ते उतरवून घेतलं होतं.

आता यातली खरी गंमत ऐका. या विषयातली आमच्या भागातली एक्स्पर्ट मीच. लोक माझ्याकडे येऊन ‘खालचा त्रास’, ‘बसायचा प्रॉब्लेम’, ‘उष्णता झालीय’ असं काहीही म्हणतात आणि मी त्यांना शांतपणे बोलतं करते. एक बाई तर ‘भावजयीला विचारायचंय’ म्हणून तीन वेळा आल्या होत्या. चौथ्या वेळी मी त्यांनाच तपासणीच्या टेबलावर घेतलं तेव्हा भावजय त्यांना नाहीच हे कळलं. तर अशा माझ्या कीर्तीमुळे ज्येष्ठ नागरिक संघाने रविवारी सकाळी हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं. आधी उपमा, मग मूळव्याध, मग चहा.

मी काय झकास बोलले म्हणून सांगू. म्हटलं, मूळव्याध म्हणजे तिथल्या फुगलेल्या शिरा. बद्धकोष्ठ, कुंथण्याची सवय, तासन् तास बसून काम, संडासात मोबाइल घेऊन मुक्काम, याने त्या फुगतात. साध्या मूळव्याधीत रक्त लालभडक असतं, शौचाच्या शेवटी थेंब थेंब पडतं आणि बहुतेक वेळा दुखत नाही. खाज येते, ओलसर वाटतं. पुढे कोंब बाहेर येतो, आधी आपोआप आत जातो, नंतर हाताने ढकलावा लागतो. मिरची लागल्यासारखी आग होत असेल आणि संडासला जायचीच भीती वाटत असेल तर ती बहुधा मूळव्याध नव्हे, चीर पडलेली असते. आणि एका रात्रीत वाटाण्याएवढी निळी गाठ येऊन बसवेनासं झालं तर तिथे रक्त गोठलेलं असतं. पण आपले लोक कंबरेखालच्या प्रत्येक तक्रारीला मूळव्याधच म्हणतात आणि शेजाऱ्याचं मलम लावतात.

मग मी हात वर करून म्हणाले, “डॉक्टरसमोर लाज कसली? आमच्यासाठी तो शरीराचा एक भाग आहे, नाकासारखाच.” हॉल हसला. मला भारी वाटलं.

प्रश्नोत्तरांत पहिल्या रांगेतून तांबे सर उठले. मी माइक घेऊन सावरून उभी राहिले. शाळेची सवय.

“पेडणेकर, रक्त जातंय पण ते मूळव्याधीचं नाही, हे माणसाने कसं ओळखावं?”

मला तो प्रश्न म्हणजे दहावीच्या तोंडी परीक्षेत आपल्याला येणारंच नेमकं विचारल्यासारखा वाटला. मी धडाधड सांगितलं. रक्त काळपट असेल किंवा मळात मिसळून येत असेल. सोबत बुळबुळीत शेम पडत असेल. वर्षानुवर्षांची शौचाची वेळ बदलली असेल, कधी घट्ट कधी पातळ होत असेल. जाऊन आल्यावरही अजून राहिलंय असं वाटून पुन्हा पुन्हा जावं लागत असेल. भूक, वजन कमी झालं असेल, जिना चढताना धाप लागत असेल. आणि रक्त लाल आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पन्नाशीनंतर पहिल्यांदा रक्त दिसलं तर डॉक्टरने तपासून घेतल्याशिवाय त्याला मूळव्याध म्हणायचंच नाही.

“छान,” सर म्हणाले. खिशातल्या डायरीत काहीतरी लिहिलं आणि खाली बसले.

‘छान’. तीन वर्षं शाळेत ज्या शब्दासाठी मी तडफडले तो मला त्या दिवशी मिळाला. मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

यानंतर दहाच दिवसांनी सर क्लिनिकमध्ये आले, “तोच त्रास आहे” म्हणाले आणि मी ‘रिपीट ऑल’ लिहिलं. तिथूनच मी ही हकिगत सुरू केली.

सर गेले आणि शैलाताई आत आल्या. शैलाताई माझ्याकडे अठरा वर्षं आहेत. नंबर लावतात, वजन घेतात, इंजेक्शन तयार ठेवतात आणि माझ्यावर लक्ष ठेवतात. मूळच्या मालवणच्या, राग आला की मालवणीवर उतरतात.

“मॅडम, सरांचं वजन बघितलंत?”

“लिहिलंय ना तुम्ही.”

“मी लिहिलंय. तुम्ही बघितलंत का?”

मी केसपेपर उलटला. पहिल्या भेटीला अडुसष्ट. मग सदुसष्ट, सहासष्ट, चौसष्ट. आज साठ. प्रत्येक आकडा शैलाताईंनी कोपऱ्यात नीट लिहिलेला, आणि पहिला सोडून प्रत्येकाच्या खाली माझ्या हाताने रिपीट, रिपीट, रिपीट.

“वय झालंय आता त्यांचं,” मी म्हणाले. माझं मलाच ते खोटं वाटलं.

“वय गेल्या वर्षीपण झालेलंच होतं. पट्ट्याला दोन नवीन भोकं पाडलीत त्यांनी. पँट मागे गोळा होते, ती झाकायला शर्ट बाहेर काढतात आता. तांबे सर कधी शर्ट बाहेर काढून फिरायचे?”

मी केसपेपर मिटला.

“सरांका एकदा तरी टेबलार घेतल्यात काय?”

“शैलाताई, ते माझे सर आहेत.”

“म्हणूनच विचारतंय. दुसरो कोण असतो तर दोन मिनिटांत आडवो केलो असतास.”

मला राग आला. राग येण्याचं कारण उघड होतं, बाई खरं बोलत होती. मी तोऱ्यात म्हणणार होते की लक्षणं साध्या मूळव्याधीचीच आहेत. पण कुठली लक्षणं? मी ती विचारलीच नव्हती. रक्त कुठल्या रंगाचं, कधी, किती, सोबत काय, काही नाही. वर्षभरात मी सरांना एकच प्रश्न विचारला होता, दुखतं का.

आणि तेव्हा मला हॉल आठवला. पहिली रांग, सर उभे, हातात डायरी. सगळ्या हॉलमध्ये एकट्या सरांनी कोंबाबद्दल विचारलं नाही, पथ्याबद्दल विचारलं नाही. रक्त मूळव्याधीचं नाही हे कसं ओळखावं, एवढंच विचारलं. जे त्यांना बंद दाराआड माझ्यासमोर बोलता येत नव्हतं ते त्यांनी शंभर माणसांत, दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखं विचारून घेतलं. आणि मी काय केलं? पाठांतर म्हणून दाखवलं आणि शाबासकी घेऊन घरी आले.

बाहेर अकरा पेशंट होते. मी सरांना फोन लावला.

“सर, परत याल का? आत्ताच.”

“का, काय झालं?”

“एक स्टेप राहिलीय.”

सर म्हणाले, “मी कोपऱ्यावरच बसलोय. दम लागला म्हणून.”

शैलाताईंनी बाहेर काय सांगितलं माहीत नाही, पण रांगेतल्या कुणी हूं की चूं केलं नाही. सर आले. मी उभी राहिले, पण या वेळी मुद्दाम दार लावून घेतलं.

“सर, मला विचारायचंय आणि तुम्ही खरं सांगायचंय. रक्त कसं असतं?”

“आधी लाल असायचं. हल्ली तीनेक महिने काळपट असतं, मिसळलेलं.”

“जाऊन आल्यावर राहिल्यासारखं वाटतं?”

“दिवसातून पाच-सहा वेळा जातो. काही होत नाही, नुसतं…” ते थांबले. “तू सांगितलंस तसंच. शेम.”

“हे मला का नाही सांगितलंत?”

“तू का नाही विचारलंस?” सर म्हणाले. रागावून नाही. गणितातली शंका विचारावी तसं.

मी म्हणाले, “सर, मला आतून तपासायला हवं. दुसऱ्या पुरुष डॉक्टरकडे पाठवू का?”

सरांनी टेबलाकडे बघितलं. “तो कोण, कुठला. तूच बघ. पण माझ्याकडे बघायचं नाहीस.”

“नाही बघत.”

या तपासणीत पेशंट डाव्या कुशीवर झोपतो, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडे. कुणीतरी शहाण्याने अशी सोय केलीय की दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. शैलाताई पडद्याशी आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. सर भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरकडे तोंड करून पडले. त्यांची पाठ मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते, आणि मणके मोजता येत होते. मला तिथेच रडू यायला लागलं.

“पेडणेकर.”

“हो सर.”

“एकोणीसचा पाढा म्हण.”

“सर?”

“मोठ्याने. मला दुसरं काही ऐकायचं नाहीये.”

बावन्न वर्षांची एमबीबीएस डॉक्टर, हातात ग्लोव्ह, बोटाला जेली, आणि मी पाढा म्हणायला लागले. एकोणीस एके एकोणीस. एकोणीस दुणे अडतीस. सरांनी श्वास रोखला, मी म्हणाले, श्वास सोडा सर, तोंडाने. एकोणीस त्रिक सत्तावन्न. बाहेरच्या बाजूला मूळव्याध होती, म्हणजे सर खोटं बोलत नव्हते. पण आतली साधी मूळव्याध बोटाला फारशी कळत नाही, शिरा त्या, मऊ असतात, दाबल्या की सपाट होतात. एकोणीस चोक शहात्तर. मी बोट थोडं वर नेलं, एकोणीस पंचे पंच्याण्णव, आणि बोटाच्या टोकाला काहीतरी लागलं. कडक. खडबडीत. दाबलं तरी न हलणारं.

मी थांबले.

“अडलीस?” सर भिंतीकडे बघत म्हणाले. “एकोणीस सक एकशे चौदा. तेव्हाही इथेच अडायचीस.”

बोट बाहेर काढलं तर ग्लोव्हवर काळपट रक्त होतं. शैलाताईंनी वळून ते बघितलं आणि कचऱ्याची पिशवी पुढे केली.

सर कपडे नीट करून खुर्चीत बसले. या वेळी कडेला नाही, पूर्ण. “बोल,” म्हणाले.

“सर, आत गाठ लागतेय. ती काय आहे हे दुर्बिणीने बघून, तुकडा तपासल्याशिवाय मी सांगणार नाही.”

“अंदाज?”

“अंदाज नको सर. अंदाजावरच वर्ष घालवलंय मी.”

मिलिंद कांबळे माझा बॅचमेट, मुलुंडला सर्जन आहे. मी त्याच्या पेशंटच्या मधे घुसून फोन केला.

“पीआर कधी केलंस?” त्याने पहिला प्रश्न हाच विचारला.

“आज.”

“आणि रक्त कधीपासून?”

“वर्षभर.”

“मग इतके दिवस काय करत होतीस?”

“डिफर्ड.”

“किती वेळा?”

“पाच.”

“माझ्या हाताखालच्या रेसिडेंट डॉक्टरने केलं असतं ना, तर आख्ख्या वॉर्डसमोर सोलला असता त्याला.”

“मग मला बोल ना.”

“तुला काय बोलू यार. तू तर व्याख्यानं देतेस. उद्या सकाळी पाठव त्यांना. आणि रडू नकोस, पेशंट बसलाय ना समोर?”

पेशंट समोरच बसला होता आणि माझ्याकडे बघत होता. बघायचं नाही हा नियम बहुतेक त्यांना लागू नव्हता.

दुर्बीण झाली, तुकडा गेला, रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. गुदाशयाचा, पसरलेला नव्हता. आधी रेडिएशन, मग ऑपरेशन. टाके भरून येईपर्यंत काही महिने पोटावर पिशवी, म्हणजे मळ तात्पुरता पोटावरच्या वाटेने बाहेर काढायची सोय. मिलिंदने ऑपरेशन नीट केलं. मी त्याला एकदा विचारलं, वर्षापूर्वी सापडलं असतं तर? तो म्हणाला, “कदाचित रेडिएशन वाचलं असतं. कदाचित पिशवीही. कदाचित नाही.” त्यातलं पहिलं ‘कदाचित’ माझ्या डोक्यातून अजून जात नाही, आणि जाऊही नये असं मला वाटतं.

पिशवी निघाल्यावर महिन्याभराने सर क्लिनिकमध्ये आले. वजन पासष्ट. शैलाताईंनी ते मला तीनदा ऐकवलं. शर्ट पुन्हा आत खोचलेला.

“माझा केसपेपर दे,” सर म्हणाले.

मी दिला. सरांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचत गेले. माझं अक्षर लावायला त्यांना वेळ लागला नाही, तीन वर्षं वाचलेलं होतं. खिशातून लाल पेन काढलं. ‘पाइल्स’ या शब्दाभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘स्टेप्स?’

“किती मार्क सर?” मी विचारलं.

“पहिल्या पाच भेटींना शून्य.” त्यांनी शेवटचं पान उलटलं, जिथे मी त्या दिवशी रक्ताचा रंग, वेळा, वजनं, तपासणी सगळं ओळीने लिहिलं होतं. ते पान त्यांनी दोनदा वाचलं. पेन टेकवलं, पण काही लिहिलं नाही.

“इथे मला मार्क द्यायचा अधिकार नाही,” म्हणाले. “मीही अर्धंच गणित घातलं होतं तुला. हॉलमध्ये ‘माणसाने’ म्हणालो. ‘मी’ म्हणायला हवं होतं.”

त्यांनी टेबलावरचा माझा पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि पाणी जास्त पीत जा म्हणाले.

तो केसपेपर मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय, वरच. ‘डिफर्ड’ लिहायला शैलाताईंची परवानगी लागते आणि ती त्या देत नाहीत. गेल्या आठवड्यात शाळेतल्या इतिहासाच्या बाई आल्या. मी उभी राहिले, नमस्कार केला. बाई खुर्चीच्या कडेला बसल्या, हवापाण्याबद्दल बोलल्या, मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, “थोडी मूळव्याध आहे गं.”

मी पेन खाली ठेवलं आणि शैलाताईंना टेबलावर चादर घालायला सांगितलं.